दक्षिणेकडचा तिसरा खांब

मंगळवार, सव्वादहा.
थॉर्बी फेनमध्ये सिग्नल दोनच ठिकाणी येतो:
घंटाघराच्या सातव्या पायरीवर,
आणि इथे, बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी,
जुन्या प्रार्थनापुस्तकांच्या चळतीवर
राउटर ठेवलाय तिथे.

टॅबलेट झाडूच्या दांड्याला बांधलाय.
युक्ती माझी नाही, ऑर्गनवाल्या क्लेमन्सीची.
मी थर्झा पेल, वय एकाहत्तर.
चाळीस वर्षं मला सगळे 'किल्लीवाली' म्हणत.
गेल्या वर्षी बिशपच्या कचेरीतून पत्र आलं,
आता मी शिक्षण अधिकारी.
काम तेच. फक्त फरशी पुसताना बोलायचं.

ग्रिम्सबीच्या शाळेचा बॉयलर फुटलाय,
म्हणून मुलं आपापल्या घरून.
सव्वीस चौकोन.
कुणाच्या मागे वाळत घातलेले कपडे,
कुणाच्या मांडीवर मांजर,
आणि एक चौकोन काळा, त्यावर नुसतं नाव: आयव्हर.
"तो असतो," ओकोन्जो सर म्हणाले,
"फक्त..." आणि वाक्य तिथेच ठेवलं.

मी झाडू उंच धरला. छतावरचे देवदूत दाखवले.
पंख शाबूत, चेहरे छिन्नीनं उडवलेले.
सांगितलं, एका काळी काही माणसांकडे
हातोडे होते आणि खात्री होती.
एकानं विचारलं, मग ते श्वास कुठून घेतात?
दुसरीनं विचारलं, तुमच्याकडे संडास आहे का?
(आहे. बाहेर, सफरचंदाच्या झाडामागे. थंड.)

मग गाठ सुटली.
टॅबलेट दांड्यावरून घसरत खाली आला
आणि खांबाला टेकून, तिरका, थांबला.
मी "अरे देवा" म्हणाले, जे इथे चालतं.

"मिस, हलवू नका."
झुझाना. हिचा आवाज मी आधी ऐकलाच नव्हता.
"तिथे हात आहे."

मला वाटलं, तडा असेल.
गुडघे कुरकुरले, तरी बसले,
टॉर्च आडवा धरला, दगडाला घासून.
हात होता.
दगडावर पंजा ठेवून, खिळ्यानं
भोवती रेघ ओढलेली. चार बोटं नीट,
अंगठ्यापाशी रेघ भरकटलेली,
घाई झाली असेल, किंवा कुणी हाक मारली.
एवढासा. सहा-सात वर्षांचा.

हा खांब मी चाळीस वर्षं पुसतेय.
कमरेच्या वर.

कुणाचा आहे? केव्हाचा? त्याला मार बसला का?
माझ्याकडे काचांच्या तारखा पाठ आहेत,
सरदाराच्या थडग्यावरच्या कुत्र्याचं नावसुद्धा.
"माहीत नाही," मी म्हणाले.
आणि एरवी दर वाक्याला अडकणारं ते नेटवर्क
हे दोन शब्द मात्र स्वच्छ घेऊन गेलं.

कुणी सांगितलं नव्हतं.
आधी झुझानानं पंजा कॅमेऱ्यावर ठेवला, मापायला,
मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी.
जॅम लागलेला पंजा, बँडेडचा पंजा,
पेननं घड्याळ काढलेलं मनगट.
मांजराचाही एक, बळेच.
आणि तो काळा चौकोन हलला.
छत दिसलं. दिव्याची फाटकी शेड.
मग हात.
चेहरा नाही. हात, पाच बोटं ताणून,
मोजून सांगता येईल इतकाच वेळ.
ओकोन्जो सर बोलता बोलता थांबले,
आणि कुणीच काही म्हटलं नाही,
यासाठी मी त्या मुलांची आभारी आहे.

अकराला चौकोन एकेक करून गेले.
मेणबत्ती विझवली तर निदान धूर मागे राहतो.

मी माझा हात त्या रेघेवर ठेवून पाहिला.
सगळी रेघ झाकली गेली. काढून घेतला.
वहीत लिहिलं:
दक्षिणेकडचा तिसरा खांब,
जमिनीपासून दोन हातांवर, एक हात.

पुढच्या मंगळवारच्या शाळेला
पन्हाळीवरची राक्षसांची तोंडं बघायची आहेत.
गाठ अजून बांधलेली नाही.